शाळा हे गिऱ्हाईक कसे मिळवावे?

मैत्रिणींनो, शिवणयंत्र घरात आहे, हातात कला आहे, शेजारच्या चार जणींचा बचत गटही जमला आहे. पण गिऱ्हाईक आणायचं कुठून? घरगुती उद्योग करू पाहणाऱ्या बहुतेक जणींची गाडी इथंच अडते. ब्लाऊज आणि फॉल-पिको किती करणार? दिवाळीचा फराळ आणि उन्हाळ्यातलं वाळवण वर्षातून एकदाच. अशा वेळी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आपलं लक्षच जात नाही. ते म्हणजे आपल्याच गल्लीतली नगरपालिकेची किंवा गावातली जिल्हा परिषदेची शाळा. तिला दरवर्षी गणवेश लागतात, बसकरपट्ट्या लागतात, खडू, झाडू, साबण, फिनेल लागतं, बक्षिसं आणि खाऊ लागतो. हे सगळं कोणी ना कोणी विकतच असतं. मग तुम्ही का नाही?

मी शाळेत काही तास शिकवते, त्यामुळे ही खरेदी कशी होते ते टेबलाच्या पलीकडून पाहायला मिळतं. म्हणून आजचं हे सदर या विषयासाठी.

शाळेत खरेदी करतं कोण?

पुष्कळ जणींना वाटतं, सरकारी खरेदी म्हणजे मुंबई आणि मंत्रालय. मोठी कामं तशीच होतात. पाठ्यपुस्तकं तर बालभारतीचीच, तिथं आपलं काम नाही. पण लहानसहान खरेदी शाळेच्या पातळीवरच होते, आणि ती करते शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती नेमायला लावली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्याच लागतात. मुख्याध्यापक तिचे सचिव. म्हणजे तुमचा माल पारखणारी बाई बहुधा तुमच्यासारखीच एक आई असते. ती फ्रॉक उलटा करून आतली शिलाई बघणार, हे लक्षात ठेवा!

या समितीच्या हातात पैसा येतो तो मुख्यतः समग्र शिक्षा योजनेतून. शाळेचा पट किती यावर वार्षिक अनुदान ठरतं. योजनेच्या निकषांप्रमाणे तीसपर्यंत मुलं असतील तर 10,000 रुपये, शंभरपर्यंत 25,000, अडीचशेपर्यंत 50,000 आणि हजारापर्यंत 75,000. यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. फिनेल, हात धुण्याचा साबण, झाडू करणाऱ्या गटांनी हा दहावा हिस्सा मनात कोरून ठेवावा.

केंद्रीय विद्यालय किंवा नवोदय विद्यालय यांचा मार्ग वेगळा. त्यांची खरेदी मुख्यतः 'जेम' या सरकारी ऑनलाइन बाजारातून होते. तो 2016 साली सुरू झाला. महिला उद्योजक आणि बचत गट यांच्यासाठी तिथं 'वूमनिया' नावाचा खास विभाग आहे. पण पहिली पायरी म्हणून आपल्या गावची शाळाच बरी.

गणवेशाचं गणित

शाळेची सगळ्यांत मोठी आणि आपल्याला जमण्याजोगी खरेदी म्हणजे गणवेश. एका मुलाला वर्षाला दोन गणवेश, त्यांना मिळून 600 रुपये. म्हणजे एका गणवेशाला 300. कापड, शिलाई, बटणं, दोरा, वाहतूक, सगळं त्यातच बसवायचं.

मधे एक वर्ष वेगळी पद्धत होती. 2024-25 साली सरकारनं राज्यभर एकसारखा गणवेश ठरवून कापड वरून पाठवलं आणि शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिलं. हेतू चांगला होता, पण कापड उशिरा आलं, मापं बसेनात, शिलाईचा दर परवडेना अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून काम पुन्हा शाळा समित्यांकडे आलं. यातून आपण घ्यायचा धडा एवढाच की, दुसऱ्यानं ठरवलेल्या दरावर 'हो' म्हणण्याआधी आपला हिशेब आपण करायचा.

तो कसा, ते पाहू. समजा, शाळेचा पट 120 आहे. म्हणजे 240 गणवेश आणि 72,000 रुपयांचं काम. आकडा ऐकून छाती दडपते, नाही का? थांबा. समजा, लहान मुलाचा गणवेश कापड आणि मजुरी धरून 250 रुपयांत पडतो आणि मोठ्या मुलाचा 320 रुपयांत. शाळा मात्र दोघांनाही 300 च देणार. लहानामागे 50 सुटले, मोठ्यामागे 20 अंगावर आले.

आता शाळा चौथीपर्यंतच असेल, तर 240 गणवेशांत 12,000 रुपये उरतील. शाळा सातवीपर्यंत असेल आणि तिच्यात 80 मुलं लहान, 40 मोठी असतील, तर लहानांवर 8,000 मिळतील, मोठ्यांवर 1,600 जातील, हाती 6,400. आणि उलट, 40 लहान, 80 मोठी असतील तर? 4,000 मिळाले आणि 3,200 गेले. एवढ्या कामाला शिल्लक राहिले 800 रुपये! दहा गणवेश मापात बिघडून परत आले की तेही संपले.

म्हणून दर देण्याआधी मुख्याध्यापकांकडून इयत्तावार पट मागून घ्या. सरासरी त्यावर काढा. गणित बसत नसेल तर काम सोडा. शिलाईची मजुरी 'आपलीच तर आहे' म्हणून हिशेबातून वगळू नका बरं का! आपल्या श्रमाला शून्य किंमत लावण्याची आपल्या बायकांना फार जुनी सवय आहे.

कागदपत्रं कोणती हवीत?

भिण्यासारखं काही नाही. गटाच्या किंवा तुमच्या उद्योगाच्या नावानं बँकेत खातं, पॅन आणि 'उद्यम' नोंदणी. ही नोंदणी जुलै 2020 पासून ऑनलाइन होते, आधार क्रमांकावर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जीएसटीचं काय? माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल 40 लाखांपर्यंत आणि नुसती शिलाईची सेवा देत असाल तर 20 लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी नसताना बिलात कर लावायचा नाही, तसं करणं कायद्याविरुद्ध आहे. खाण्याचा पदार्थ विकायचा असेल, मग ती शेंगदाण्याची चिक्की का असेना, तर अन्न नोंदणी करून घ्याच.

शाळेचे पैसे आता थेट खात्यात जमा होतात. तेव्हा बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव तंतोतंत एक हवं. 'जिजाऊ महिला गट' आणि 'जिजाऊ महिला बचत गट' एवढ्या फरकानंही बिल अडकू शकतं.

केव्हा जावं, काय न्यावं?

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात जरा उशिरा. जूनमध्ये जाऊन काय उपयोग? जानेवारी-फेब्रुवारीतच मुख्याध्यापकांना भेटा. दुसरी वेळ मार्चची. आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, उरलेलं अनुदान खर्च करायचं असतं, आणि वेळेवर माल देणारं माणूस तेव्हा शाळेला हवंच असतं.

जाताना नुसतं बोलणं नेऊ नका, नमुना न्या. तोही एकदा धुतलेला. रंग किती गेला, कापड किती आटलं ते समितीच्या बायकांना स्वतः बघू द्या. बटणं दुहेरी दोऱ्यानं लावा, आत दोन बोटं माया सोडा, म्हणजे वाढत्या अंगाच्या मुलाला वर्षअखेरही गणवेश होईल. या दोन गोष्टी शहरातला मोठा व्यापारी करत नाही. तुमची खरी कमाई तिथंच आहे. शिवाय 'मापात चुकलेला गणवेश आठ दिवसांत बदलून देऊ' हे दरपत्रकावर लिहून द्या.

समिती साधारणपणे तीन ठिकाणची दरपत्रकं मागवते आणि तुलना करते. दरपत्रकात मालाचं वर्णन, दर, पुरवठ्याची मुदत, सही आणि तारीख हवी. मोठ्या रकमेला निविदा लागते. तिची मर्यादा बदलत असते, म्हणून त्या वर्षीची विचारून घ्या. लेखी पुरवठा-आदेश हातात पडल्याखेरीज कापडाचा गठ्ठा फोडू नका. माल देताना चलनावर सही-शिक्का घ्या आणि चलनाची एक प्रत जपून ठेवा.

स्वयंपाकाचं काम घेण्याआधी

काही शहरांत शाळेच्या पोषण आहाराचं काम बचत गटांकडे असतं. त्याचा विचार मात्र जपून करा. पहिली ते पाचवीच्या मुलाला जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. तांदूळ सरकार देतं. बाकी साहित्याचा दर 1 मे 2025 पासून लहान मुलाला दिवसाला 6 रुपये 78 पैसे आणि मोठ्याला 10 रुपये 17 पैसे ठरला. दोनशे लहान मुलांचे झाले 1,356 रुपये. तुम्ही घरचा बाजार करता, तेव्हा त्यात काय येतं ते मी सांगायला नको.

शिवाय फाटलेली शिवण पुन्हा घालता येते, पण बिघडलेल्या अन्नाला उपाय नाही. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलातून शाळेच्या जेवणात विषबाधा झाली आणि 23 मुलं गेली. वाढण्यापूर्वी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखून बघायचं, असा नियम आहे. गट कितीही घाईत असो, हा नियम मोडायचा नाही.

पैसे कधी मिळतात?

खरी परीक्षा इथं आहे. सरकारी कामात आगाऊ रक्कम मिळेल असं धरून चालू नका, आणि अनुदान उशिरा आलं तर बिलही उशिरा निघतं. तेव्हा तीन महिने कळ काढता येईल एवढंच काम घ्या. मंगळसूत्र गहाण टाकून कापड आणू नका, सावकाराचं व्याज तर नकोच नको. पहिल्या वर्षी एक लहान शाळा पुरे.

तुमच्या बाजूनं एक कायदाही आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदारानं ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत काहीही ठरली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायला हवेत. नाही दिले तर त्याला व्याज लागू होतं आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली हवी. आधी नोंदणी, मग विक्री!

एक गोष्ट ठामपणे

कधी कधी कोणी सुचवतं, "ताई, तिन्ही दरपत्रकं तुम्हीच आणा ना, नावं वेगवेगळी घाला." किंवा, "बिल जरा चढवून करा, वरचं आमच्याकडे राहू द्या." तिथं हसून, पण स्पष्ट 'नाही' म्हणा. सही तुमची असते, चौकशी झाली तर नावही तुमचंच निघतं. तुम्ही स्वतः किंवा तुमचे यजमान समितीवर असाल, तर त्या शाळेला माल विकू नका. शेजारच्या गावची शाळा बघा.

असं काम एखाद वेळी हातचं जाईल, पण गावात बोलबाला फार लवकर होतो, चांगल्याचाही. 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाला शंभर मुलं नीट मापाच्या, पक्क्या रंगाच्या गणवेशात रांगेत उभी राहिली, की पुढच्या वर्षी तुम्हाला शाळेचं दार ठोठवावं लागणार नाही. मुख्याध्यापकच निरोप धाडतील.