अनोळखी फाइल आणि पहाऱ्यावरचा जवान

मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या पलटणीतल्या निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, सध्या मुलाकडे नोएडात असतात. "जयहिंद सर. जरा काम होतं, पण फोनवर नको." नियंत्रण रेषेवर रात्रीच्या गस्तीत ज्यांनी मला वाट ओळखायला शिकवली, त्यांचा आवाज पार पडलेला होता. संध्याकाळी दिल्ली कॅन्टहून गाडी काढली.

घडलं होतं ते असं. लॅपटॉपवर बातम्या वाचताना अचानक पडदा लाल झाला, 'व्हायरस सापडला' असा इशारा आला आणि खाली फोन नंबर. साहेबांनी नंबर लावला. पलीकडच्या मुलाने गोड बोलून लॅपटॉपचा ताबा घेतला आणि चालू प्रोग्रॅमची यादी उघडली. त्यात 'एस-व्ही-सी-होस्ट' या एकाच नावाच्या पन्नासेक ओळी. "अंकल, हे सगळे व्हायरस आहेत. साफ करायचे अठरा हजार." बँकेचं कार्ड मुलाकडे होतं, म्हणून पैसे वाचले. पण 'स्पर्श' पेन्शन पोर्टलचा आणि बँकेचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये साठवलेला. साहेब दोन रात्री झोपले नव्हते आणि घरात त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं.

आता खरं काय ते सांगतो. ती फाइल विंडोजचीच. पडद्यामागची कामं, म्हणजे नेटवर्क, अपडेट वगैरे, तिच्यामार्फत चालतात. एकाच वेळी तिच्या डझनावारी प्रती चालू असणं अगदी नेहमीचं. त्या मुलाने साहेबांना घरचेच जवान दाखवले आणि घुसखोर म्हणून सांगितलं.

हा धंदा आमच्या दिल्लीच्या आसपास जुना आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीनंतर गुरुग्राम आणि नोएडा पोलिसांनी अशा १६ बनावट मदत केंद्रांवर छापे घातले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयच्या 'ऑपरेशन चक्र-२' मध्येही अशी कॉल सेंटरं होती. या लोकांना व्हायरस लिहावा लागत नाही. आपल्याला न कळणारं एक नाव दाखवलं की त्यांचं काम होतं.

भीतीपोटी माणूस स्वतःच्या हातानेही नुकसान करून घेतो. २००२ मध्ये जगभर एक ईमेल फिरला: टेडी बेअरचं चित्र असलेली अमुक फाइल दिसली तर ताबडतोब पुसा, ती व्हायरस आहे. ती मायक्रोसॉफ्टचीच निरुपद्रवी फाइल होती. असंख्य लोकांनी ती पुसली आणि वर मित्रांनाही तसं करायला सांगितलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अनोळखी दिसला की गोळी घालणारा संत्री जितका धोकादायक, तितकाच गणवेश पाहून फाटक उघडणारा. खडकवासल्यापासून आम्हाला तिसरी गोष्ट शिकवलेली आहे: "थम! कौन आता है?" आधी थांबवा, मग ओळख तपासा.

फाइलची ओळख तपासायला तीन प्रश्न पुरतात.

पहिला, राहतोस कुठे? टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवी क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. वर सांगितलेली फाइल सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम-३२ मध्ये असायला हवी. तीच डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरात सापडली, तर दाट संशय घ्या. स्पेलिंगही अक्षर-अक्षर वाचा. 'एस-व्ही-सी'च्या जागी 'एस-सी-व्ही' ही नेहमीची लबाडी आहे.

दुसरा, सही कुणाची? 'प्रॉपर्टीज'मध्ये डिजिटल सिग्नेचर पाहा. मात्र सही हा पुरावा आहे, निकाल नव्हे. विंडोजच्या काही अस्सल फायलींवर ती तिथे दिसत नाही, आणि २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने चोरलेल्या सह्या वापरल्या होत्या.

तिसरा, दुसरं कोण ओळखतं? व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाइल एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसकडून तपासून मिळते. एखाद्यानेच बोट दाखवलं तर ती चूक असू शकते. दहा-वीस जणांनी दाखवलं तर फाइल उघडू नका. पण तिथे चढवलेली फाइल इतर अभ्यासकांच्या हाती जाऊ शकते, त्यामुळे खाजगी कागद तिथे टाकू नका. आणि सरकारी संगणक असेल तर स्वतः काहीच करू नका. हात काढा आणि जबाबदार अधिकाऱ्याला कळवा. 'ट्रान्सपरंट ट्राइब' नावाची पाकिस्तानी टोळी वर्षानुवर्षं आपल्या सैन्याला पीडीएफच्या वेषातल्या फायली पाठवत आहे.

थोडी तक्रार आमच्याच घरची. सायबर सुरक्षेच्या आमच्या व्याख्यानांत 'हे करू नका, ते करू नका' एवढंच असतं. त्याने माणूस घाबरतो, तपासायला शिकत नाही. माजी सैनिकांच्या मेळाव्यांत पेन्शन आणि ईसीएचएसवर दिवस जातो. त्यातला अर्धा तास लॅपटॉप समोर ठेवून या तीन प्रश्नांना द्यावा. आणि लाज बाळगू नका हे तिथे मोठ्याने सांगावं. पहाऱ्यावर चूक झाली तर आपण लगेच रिपोर्ट करतो, इथेही तेच.

साहेबांकडे आम्ही आधी नेट तोडलं, दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. लॅपटॉप पुसून विंडोज नव्याने टाकलं. खात्यातून काही गेलं नव्हतं. मुलाला त्यांनी माझ्यासमोरच सगळं सांगितलं.

परवा पुन्हा फोन आला. "सर, एक नवीन नाव दिसतंय. जागा बघितली, प्रोग्रॅम फाइल्समध्ये आहे. सही प्रिंटरवाल्या कंपनीची. तरी पण तुम्हाला विचारतो."