तोंड माझं, बोलणं नातवाशी

डॉक्टरसाहेब,

अनेक आशीर्वाद. तुम्ही वयानं माझ्या नातवाएवढे म्हणून हे दोन शब्द. मनातला राग मात्र तसाच आहे.

निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटर. कोल्हापूर त्याच्या निम्म्यावर, पण माझं रेशनकार्ड कर्नाटकाचं आणि गरीब म्हाताऱ्यांना फुकट कवळी देणारी ‘दंत भाग्य’ योजनाही कर्नाटकाचीच. योजनेबद्दल माझी तक्रार नाही. कागद कानडीत होता, वाचून दाखवा म्हटलं, तर “सही करा, आजी” एवढंच. तेही सोडलं.

पण माझ्या तोंडात आरसा घालून तुम्ही माझ्यासोबत आलेल्या नातवाला विचारलंत, “मिश्री लावतात का?” आणि मी तोंड मिटायच्या आत त्यालाच सांगितलंत, “स्वतःच्या हातानं घालवलेत दात.”

साहेब, उमेदीची वर्षं मी वखारीत तंबाखू चाळत काढली. भाकरीच्या फडक्यावरसुद्धा तिचीच भुकटी असायची. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी आमच्या इथं हायवेवर ठाण मांडलं, गोळीबारात माणसं गेली, ती याच तंबाखूच्या भावापायी. त्या गावात तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करणं आम्हाला आयांनीच शिकवलं. दाढ ठणकली की बोटभर लावायची, बधिर व्हायचं, कामाला जाता यायचं. दवाखान्यात गेलं तर खाडा पडायचा. हिरड्या खचतात, तोंडाचा कॅन्सर होतो, हे तेव्हा वखारीत येऊन कुणी सांगितलं? १९९२ मध्ये सरकारनं तंबाखूच्या दंतमंजनावर बंदी घातली म्हणे. बंदी दुकानातल्या डबीवर, चुलीवरच्या तव्याला कोण विचारतंय! मिश्री वाईटच. सून लावू लागली तेव्हा मीच तिची डबी फेकून दिली. पण तुम्ही मला विचारलंतच कुठं?

मग “या वयात ठेवून काय करायचेत?” म्हणून उरलेलेही काढलेत. त्यातले दोन हलतसुद्धा नव्हते. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, वरची कवळी टाळूला धरून राहते आणि खालचीला धरायला जागाच उरत नाही, हे मला शेजारणीकडून कळलं. तिचीही हलते. माझी तर जिभेबरोबर नाचते. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाते, तेव्हा कवळी रुमालात असते. लग्नाच्या पंगतीला बसायचं मी सोडलंय. पुन्हा दाखवायला आले तर तुम्ही नातवालाच म्हणालात, “होईल त्यांना सवय.”

येत्या महिन्यात परत येतेय. डाव्या अंगाला, जिभेखाली आतून टोचतं. तिथं घासून द्या, नाहीतर नवं माप घ्या. मला कानडी बाजारापुरती येते, तुम्हाला मराठी चांगली येते. विचारायचं ते मला विचारा. नातू त्या दिवशी कामावर असेल.

तुमची,
निपाणीची एक आजी