साताऱ्याचा गुप्त कट आणि त्यापूर्वींचे अर्ज

गुप्त मंडळ, रात्रींच्या बैठका, लपविलेलीं शस्त्रें, आणाभाका यांच्या कथांची तरुण मनास मोठी भूल पडते. १८५७ सालचा साताऱ्याचा कट आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं अशाच ओढीनें वाचला असेल. त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. कारण त्या कटाचे पुढारी रंगो बापूजी गुप्ते ज्या ठाण्याहून कायमचे दिसेनासे झाले असें सांगतात, तें ठाणें आमच्या पवईपासून फार दूर नाहीं.

मूळ प्रश्न न्यायाचा होता. शिपायांस फितविल्याचा आरोप ठेवून १८३६ सालीं कंपनी सरकारनें छत्रपति प्रतापसिंह महाराजांची चौकशी केली, तीही बंद दाराआड. उघड न्यायासनापुढें आपली बाजू मांडण्याची संधि महाराजांस मिळाली नाहीं. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट हे ख्रिस्ती उपासनागीतांचे कर्ते म्हणून प्रसिद्ध आहेत. प्रार्थनेच्या वेळीं त्यांचें गीत कानीं पडलें म्हणजे आम्हांस साताऱ्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १८३९ सालीं महाराज पदच्युत होऊन काशीस गेले व १८४७ सालीं तेथेंच वारले. पुढल्याच वर्षीं राज्यही खालसा झालें.

धन्याची फिर्याद घेऊन रंगो बापूजी विलायतेस गेले ते १८५३ सालींच परतले. सुमारें तेरा वर्षें परमुलुखांत अर्ज, भेटी, सभा! गुलामगिरीविरुद्ध झगडणारे जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखे वक्ते त्यांच्या बाजूनें बोलले. पदरीं कांहींच पडलें नाहीं. मग छत्रपतींची गादी पुन्हां स्थापण्यासाठीं त्यांनीं गुप्तपणें माणसें जमविलीं. इंग्रजांवर छापा घालण्याचा बेत होता. तो सिद्धीस जाता तर बायकामुलें वांचलीं असतीं असें कोण सांगेल?

कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांस देहान्त शिक्षा झाली : कोणी फांशीं गेले, कोणी तोफेच्या तोंडीं, कोणी गोळ्यांनीं. त्यांत निरनिराळ्या जातींचे लोक होते आणि रंगो बापूजींचा पुत्र सीतारामही होता. पिता मात्र सरकारच्या हातीं कधींच लागला नाहीं.

आम्ही रंगो बापूजींस दोष देत नाहीं. ज्या सरकारनें न्यायही चोरून केला, त्यास प्रजेच्या चोरट्या बैठकांविषयीं कुरकुर करण्याचा अधिकार कसला? पण कटाच्या थोड्या महिन्यांचा आपण गौरव करतों आणि अर्जांचीं तेरा वर्षें एका ओळींत उरकतों, हें आम्हांस रुचत नाहीं. अर्जाखालीं स्वतःचें नांव घालावें लागतें, विरोधकाचें उत्तर ऐकून घ्यावें लागतें, आणि अपयश आलें तर तें ज्याचें त्यासच भोगावें लागतें. कटाचें अपयश सतरा घरांत शिरलें.

आमच्या वक्तृत्वस्पर्धेंत कटावर बोलणारे पुष्कळ निघतात. यंदा एखाद्यानें त्या अर्जांवर बोलून पाहावें. टाळ्या थोड्या कमी पडतील, याची पालकांनीं तयारी ठेवावी.