स्लो कोण, नेट की बाबा?

शुक्रवारची रात्र, डेडलाइन डोक्यावर आणि तळ्याहून बाबांचा फोन. ‘अगं, तो कॉम्प्युटर विकून टाकूया. मला नाही जमत आता.’

झालं असं, की ताईच्या मुलीशी दर रविवारी होणारा व्हिडिओ कॉल दोन आठवडे सारखा अडकत होता. पोरगी म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही स्लो झालात!’ ती स्क्रीनवरच्या चित्राबद्दल बोलत होती. बाबांनी मनावर घेतलं.

आता यात माझाही हात होता. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा बाबांच्या जुन्या मशिनवर मोठ्या हौसेने लिनक्स मीच टाकलं होतं. इंटरनेटवाला म्हणे, मशिन जुनं. शेजारी म्हणे, ते लिनक्स काढा. आई म्हणे, पाऊस. शनिवारी पहाटेची एसटी पकडली, इंदापूरला उतरले आणि तळा गाठलं.

फंडा सोपा आहे, मंडळी. अंदाज बांधायचा नाही, मोजायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट!

पहिलं माप लाइनचं. राउटरशेजारी उभी राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट केली. प्लॅन ४० एमबीपीएसचा, मिळाले ३८. लाइन ठणठणीत! (हे मेगाबिट बरं का. मेगाबाइट हवे तर ८ने भागा. म्हणजे ४०च्या प्लॅनवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट.)

दुसरं माप घरातलं. लिनक्सचं टर्मिनल उघडायचं, ‘पिंग’ लिहून पुढे राउटरचा पत्ता द्यायचा. कॉम्प्युटर राउटरला हाक मारतो आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते मोजतो. घरातल्या घरात दोन-चार मिलिसेकंद पुरतात. आमच्याकडे कधी ३००, कधी ४००, तर कधी उत्तरच नाही! म्हणजे घोळ घरातच. राउटर ओटीवर, कॉम्प्युटर माजघरात, मध्ये जांभ्याची जाडजूड भिंत. त्यात वाय-फायचा डोंगल कॅबिनेटच्या पाठीमागे, पत्र्याआड. शिवाय वीज वाचवायला वाय-फायला मधूनमधून डुलकी घ्यायला लावणारी सेटिंग चालू. ती बंद केली, थोडा फरक पडला. मग बाजारातून पंधरा मीटर लॅन केबल आणून खिडकीतून आत ओढली. पिंग थेट १ मिलिसेकंदाच्या आत!

तरी ब्राउझर कुंथतच होता. तिसरं माप मेमरीचं. ‘फ्री’ ही कमांड दिली, तर २ जीबी रॅम काठोकाठ भरलेली आणि उरलेला भार हार्ड डिस्कवर, जी रॅमच्या मानाने बैलगाडीच. बाबांनी १७ टॅब उघडे ठेवले होते. ‘बंद केले तर पुन्हा सापडायचे नाहीत ना!’ बुकमार्क करायला शिकवलं, दोनच टॅब ठेवले. काम फत्ते.

एकूण खर्च? एका केबलचा. मशिन तेच, लिनक्स तेच, बाबाही तेच.

रविवारी कॉल लागला. नात नाचून दाखवत होती, एकदाही थिजली नाही. बाबा अर्धा तास खुर्चीवरून हलले नाहीत.

तेव्हा आईबाबांना ‘तुम्हाला नाही कळत’ म्हणण्याआधी एकदा पिंग मारून बघा. दोष बहुतेक वेळा भिंतीत निघतो, माणसात नाही.

सोमवारी ऑफिसच्या वेळेत बाबांचा मेसेज आला : ‘पिंग १च्या आत. तुझी डेडलाइन?’