माप नीट, तर पोशाख नीट

जून महिना आला की कितीतरी मुली नव्याने शाळेत, दवाखान्यात, बँकेत कामाला लागतात. पहिल्या पगारातून घरखर्च, धाकट्या भावंडांची फी आणि त्यातच स्वतःचे चार जोड कपडे. म्हणून कापड जपून घ्यावे लागते आणि शिवण चुकून चालत नाही. अशाच एका भगिनीने पत्रात विचारले आहे, "बाजी, फळ्यावर लिहायला हात वर केला की कमीज वर चढते. लाज वाटून मी फळ्याच्या वरच्या भागात लिहितच नाही. मी जाड आहे म्हणून असं होतं का?"

नाही, बेटा. दोष तुझ्या अंगाचा नाही, मुंढ्याचा आहे. आपण टेलरला सांगतो, "मास्टर, बगलेत सैल ठेवा." मग तो मुंढा खोल कापतो. मुंढा जितका खाली, तितकी हात उचलताना सगळी कमीज बाहीबरोबर ओढली जाते. म्हणून मुंढा बगलेच्या खाली एखादाच इंच असावा आणि सैलपणा बाहीच्या दंडाला द्यावा. शिवून झालेल्या कमिजेला बगलेत तीन इंचांचा चौकोनी तुकडा, म्हणजे आपल्या आजीच्या कुर्त्यातला चौबगला, लावून घ्या. उरलेल्या कापडात काम भागते.

माप देताना रोजच्या सवयीचे आतले कपडे घालून, सरळ उभे राहून द्या. पोट आत ओढून दिलेले माप दिवसभर टोचते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. ती दंडावर घसरली की महागाचे कापडही मागून आणल्यासारखे दिसते. सीटचे माप उभ्याने आणि बसून असे दोनदा घ्या, कारण बसल्यावर ते वाढते. मोठे धरा. झाकलेला पोशाख म्हणजे गोणपाट नव्हे. छातीला टक्स, कंबरेपासून खाली हळूहळू वाढत जाणारा घेर, एवढ्याने अंगाला न चिकटताही कमीज सुबक बसते. कट सीटच्या खाली सुरू करायचा असेल तर घेर वाढवायलाच हवा, नाहीतर जिना चढताना पाय अडतो.

बाहीची मोरी अरुंद ठेवू नका. वजू करताना बाही कोपराच्या वर सहज गेली पाहिजे. पूर्ण बाहीला मनगटाशी छोटी चीर आणि एक बटण लावले की दोन्ही गोष्टी साधतात. उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा जरूर मागा. खडू, किल्ली, मोबाइल यांसाठी दर वेळी पर्स शोधावी लागत नाही.

सुती कापड कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. अस्तरही भिजवा. अस्तर आटले आणि वरचे कापड आटले नाही, तर खालची कड गोळा होते. बाजूच्या शिवणींत एकेक इंच माया सोडायला सांगा. बाळंतपणानंतर किंवा वजन वाढल्यावर शिवण उसवून तीच कमीज पुन्हा वापरता येते. ज्या भगिनी वरून बुरखा घालून जातात आणि कामावर तो काढतात, त्यांनी आत सुती किंवा सुतीमिश्रित कापड घ्यावे. सिंथेटिक बुरख्याखाली सिंथेटिक कमीज अंगाला चिकटते.

रंगांचे सांगायचे तर गडद काळ्या-निळ्यावर खडूची धूळ लगेच दिसते. मध्यम रंग आणि बारीक छपाई ती लपवते. उंची कमी असेल तर कमीज आणि सलवार जवळच्या रंगाची घ्या. कमिजेची कड पोटरीच्या सर्वांत जाड भागावर येऊ देऊ नका. थोडी वर किंवा थोडी खाली घ्या.

आता हिशेब. ५ वेगवेगळे सूट घेण्याऐवजी ३ कमिजा, २ सलवारी आणि २ दुपट्टे असे घ्या की प्रत्येक गोष्ट दुसरीला जुळेल. ३ गुणिले २ गुणिले २, म्हणजे १२ जोड झाले. दोन आठवडे रोज वेगळा पोशाख, आणि वाचलेले पैसे चांगल्या शिलाईला. आधी एकच कमीज शिवून घ्या. टेलरच्या दुकानातच ती घालून हात वर करा, खाली वाका, स्टुलावर बसा. तिन्ही जमले की मगच बाकीचे कापड कापायला द्या. मास्टर कुरकुरले तरी संकोच करू नका. कपडा आपल्याला घालायचा आहे.

आणि पत्र लिहिणाऱ्या माझ्या बहिणी, चौबगला लावून झाला की फळ्याच्या अगदी वरच्या ओळीपासून तारीख लिहायला सुरुवात कर. मागच्या बाकावरच्या मुलींनाही ती दिसली पाहिजे.