केंद्रक म्हणजे साहेब नव्हे

कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडिनचा थेंब टाकून तो मायक्रोस्कोपखाली बघायचा प्रयोग बहुतेकांनी शाळेत केलेला असतो. विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. हा ठिपका, म्हणजे केंद्रक, बऱ्याचदा कडेला भित्तिकेला चिकटून बसलेला दिसतो, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेनं अडवलेली असते. वहीत आकृती काढताना मात्र सगळे तो मधोमध काढतात. नावच केंद्रक, मग कडेला कसा काढणार?

रॉबर्ट ब्राउननं १८३१ साली ऑर्किडच्या पेशींतल्या या ठिपक्याला नाव दिलं, तेव्हा कवचातल्या गरासाठीचा साधा लॅटिन शब्द वापरला. त्यात केंद्र नव्हतं, सत्ता तर नव्हतीच. आपल्या परिभाषेत केंद्र आलं, आणि केंद्र म्हटलं की मागोमाग हुकूम येतातच. केंद्रक पेशीचं नियंत्रण करतं, केंद्रक हा पेशीचा मेंदू. (इंग्रजी पुस्तकांतही ‘कंट्रोल सेंटर’ आहेच, दोष एकट्या मराठीचा नाही.)

हे शब्दच्छल वाटत असेल तर आमच्या क्षेत्रात या. आम्हा इंजिनिअर मंडळींनी मेंदूचं प्रमोशन करून सर्व्हर केला. डीएनए हा सोर्स कोड, केंद्रक हा सर्व्हर, बाकीची पेशी म्हणजे हुकूम पाळणारं हार्डवेअर. एका कंपनीच्या कँटीनमध्ये नव्या भरतीचा विषय निघाला असताना एक सीनियर गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘लॉजिक काही लोकांच्या डीएनएतच नसतं.’ ‘काही लोक’ म्हणजे कोण, ते टेबलावरच्या प्रत्येकाला आडनावांवरून कळलं होतं. आधीची पिढी हेच ‘रक्तात असावं लागतं’ असं म्हणायची. खाण तशी माती. आता त्याच वाक्यावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढलाय, आणि तो कोट शिवायला आमच्या पेशानं कापड पुरवलंय. म्हणून मला राग येतो.

तर आधी रक्ताचंच घेऊ. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं. अस्थिमज्जेत तयार होताना ती ते बाहेर टाकून देते आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार आपल्या शरीरातल्या स्वतःच्या पेशींपैकी सुमारे ८४ टक्के या तांबड्या पेशी आहेत. म्हणजे मोजदादच करायची तर आपण बहुतांशी केंद्रकाविनाच आहोत. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग चेपून जातात, ग्लुकोज मोडून ऊर्जा मिळवतात. २०११ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की त्यांच्यात चोवीस तासांचं घड्याळही चालतं. सर्व्हर बंद, आणि घड्याळ चालू!

यावर ठरलेलं उत्तर येईल: ती पेशी स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही, विभागत नाही, मरते. खरं आहे. आणि जे चालतं त्या प्रथिनांचा मजकूर केंद्रक असतानाच वाचून झालेला असतो, हेही खरं. केंद्रक बिनकामाचं आहे असं मी म्हणतच नाही. माझं भांडण त्याला दिलेल्या हुद्द्याशी आहे.

कारण या साहेबाची स्थिती बघा. केंद्रकात जेवढी प्रथिनं असतात, ती सगळी बाहेर, पेशीद्रवातल्या रायबोसोमवर बनतात आणि केंद्रकपटलाच्या छिद्रांतून आत येतात. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन्स बाहेरची. डीएनए वाचणारं पॉलिमरेज बाहेरचं. कुठलं पान उघडायचं हे ठरवणारी प्रथिनंसुद्धा बाहेरचीच. कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित हॉर्मोन घ्या: त्याचा ग्राही पेशीद्रवात थांबलेला असतो, हॉर्मोन भेटलं की तो केंद्रकात शिरतो आणि ठरावीक जनुकं वाचायला लावतो. परीक्षा, भूक, झोप न लागणं असं शरीराबाहेरचं जगसुद्धा या वाटेनं आत पोचतं. खुर्ची, चष्मा, पेन आणि फाईल बाहेरून येणाऱ्या माणसाला आपण फार तर रेकॉर्डरूमचा कारकून म्हणू. कारकून महत्त्वाचा असतोच, सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही विचारा.

जॉन गर्डन यांचा १९६२चा प्रयोग केंद्रकाच्या सत्तेचा पुरावा म्हणून सांगितला जातो. बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक निकामी करून त्यांनी तिथे पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक बसवलं. बहुतेक प्रयत्न फसले, पण काही अंड्यांतून धडधाकट बेडूक वाढले. ‘बघा, सगळा आराखडा केंद्रकातच असतो!’ पण उलटं वाचा ना. तेच केंद्रक आतड्यात होतं तेव्हा आतडंच चालवत होतं. अंड्यात गेल्यावर त्यातून अख्खा बेडूक झाला. बदललं काय? केंद्रकाभोवतीचा पेशीद्रव. याच शोधासाठी गर्डन यांना २०१२चं नोबेल मिळालं, शिन्या यामानाका यांच्याबरोबर. लहानपणी विज्ञानात ते वर्गात तळाला होते, हे जाता जाता. त्यांचंही ‘डीएनएतच नाही’ असं कुणीतरी ठरवलं असेलच.

सोर्स कोडची उपमाही आमच्याच धंद्याच्या कसोटीवर टिकत नाही. माझा कोड कंपायलर बनवत नाही, लॅपटॉप तर नाहीच नाही. पेशीत वाचणारं यंत्र त्याच मजकुरातून बनतं आणि मजकूर वाचायला ते यंत्र आधीच लागतं. म्हणून आई फक्त डीएनए देत नाही, चालू स्थितीतली अख्खी पेशी देते. मायटोकॉन्ड्रियासकट. बीज आणि क्षेत्र यांच्या वादात आपल्याकडे क्षेत्राला कायम दुय्यम ठेवलं गेलं, तेव्हा नेमकं हेच झाकलं गेलं.

मुलांना सोपं करून सांगावं लागतं, असं शिक्षक म्हणतील. सांगा ना. ‘केंद्रकात जुना मजकूर जपलेला असतो, त्यातलं कुठलं पान कधी उघडायचं ते सगळी पेशी मिळून ठरवते.’ हे वाक्य सातवीतल्या पोराला कळतं. आणि जोडीला स्नायूतंतूची आकृती द्या. एकेका तंतूत शेकडो केंद्रकं असतात, आवरणाखाली कडेकडेनं बसलेली. त्यातला साहेब कोणता, हे पोरांनाच शोधायला सांगा.