पारा, पाऊस आणि पडताळा

दोन अपरिचित माणसे एका बाकावर शेजारी बसली, की त्यांच्यात पहिला शब्द बहुधा हवेविषयीच निघतो. नरखेडच्या स्थानकावर इटारसीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणारा कारकून आणि काटोलच्या बाजाराला निघालेला संत्रा बागाईतदार यांना परस्परांचे नाव ठाऊक नसते. तरीही ‘यंदा ऊन काही औरच आहे’ असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने मान डोलवावी, एवढ्यावर त्यांचा स्नेह जमतो. हवा हा विषय निरुपद्रवी आहे, त्यात कोणाचा पक्ष नाही, कोणाची जात नाही, असे आपण समजतो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील तापमानाच्या चौकटीकडेही आपण त्याच दृष्टीने पाहतो. परंतु हा विषय वाटतो तितका निरुपद्रवी आहे काय, हा प्रश्न विचारावा असे प्रसंग अधूनमधून घडतात. त्यांपैकी एक आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी घडला.

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली. नवतपा चालू होता, अंगाची काहिली होत होती आणि त्यामुळे या आकड्यावर विश्वास ठेवण्यास कोणाचीच हरकत नव्हती. बातमी वणव्यासारखी पसरली. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीजवळच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवून देशाला चकित केले होते. आता नागपूरने दिल्लीलाही मागे टाकले, याचा एक विचित्र अभिमानही कित्येकांच्या बोलण्यात डोकावला. दुःखातही पहिला क्रमांक आपलाच असावा, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे.

आकडे थोडे ताडून पाहिले असते, तर शंका त्याच क्षणी यावयास हवी होती. भारतातील उष्णतेचा मान्य उच्चांक ५१ अंशांचा असून तो राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदला गेला. जगाचा मान्य उच्चांक ५६.७ अंशांचा आहे आणि तो अमेरिकेतील ‘डेथ व्हॅली’ या ओसाड दरीत १० जुलै १९१३ रोजी नोंदला गेला. म्हणजे ऐन नागपूर शहर त्या दिवशी जगाच्या उच्चांकापासून अवघ्या पाऊण अंशावर येऊन ठेपले होते! त्याच दिवशी त्याच परिसरातील इतर केंद्रे मात्र पारा चव्वेचाळीसच्या आसपास असल्याचे सांगत होती. पुढे हवामान खात्याने तपासणी केली आणि यंत्रातील संवेदकाच्या दोषामुळे ही नोंद झाल्याचे जाहीर केले. मुंगेशपूरचा आकडाही सुमारे तीन अंशांनी फुगलेला निघाला.

अशी चूक आपल्याच वाट्याला आली असेही नाही. लिबियातील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदलेले ५८ अंश तापमान कित्येक पिढ्या शालेय पुस्तकांतून जगाचा उच्चांक म्हणून शिकविले गेले. जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली जुनी कागदपत्रे तपासून ती नोंद रद्द केली. नव्वद वर्षे विद्यार्थ्यांनी ज्याबद्दल गुण मिळविले, ते उत्तरच चुकीचे होते. नागपूरची चूक काही दिवसांतच दुरुस्त झाली, एवढी प्रगती आपण केली म्हणावयाची. परंतु दुरुस्तीला बातमीइतके पाय नसतात. आजही कोणाला विचारून पाहावे. ‘छप्पन्न’ हा आकडा त्याच्या स्मरणात असतो आणि त्याचे निराकरण मात्र नसते.

येथे आणखी एक बारीकशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. वेधशाळा जे तापमान सांगते ते उन्हातले नसते, सावलीतले असते. झडपांच्या भिंती असलेल्या एका पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, वारा खेळता राहील अशा बेताने तापमापक ठेवलेला असतो. या पेटीला ‘स्टीव्हन्सनची पेटी’ म्हणतात. तिचे जनक थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे अभियंता होते आणि ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीचे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. पित्याने खऱ्या हवेला पेटीत बसविले आणि पुत्राने काल्पनिक खजिन्याला बेटावर. दोघांचीही कामे टिकली, परंतु ती भिन्न आहेत. हवेची नोंद ही कादंबरी होऊ नये, एवढेच या पेटीचे सांगणे आहे.

नागपुरात आकडा चुकला तर चार दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. नरखेड तालुक्यात मात्र आकड्याला मोल असते, आणि हे मोल रुपयांत मोजावे लागते. हा मुलूख संत्र्याचा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार आणि पावसाच्या तोंडावर येणारा मृग बहार या दोन हंगामांवर येथील कित्येक घरांचा संसार चालतो. झाडाला पाण्याचा ताण द्यावयाचा, योग्य वेळी तो तोडावयाचा आणि मग फूल येण्याची वाट पाहावयाची, ही सारी विद्या हवेच्या भरवशावर आहे. ताण तुटण्याआधीच अवकाळी पाऊस आला तर फूल बिघडते. फळ लहान असताना ऊन तापले तर गळ होते. गारपीट झाली तर वर्षाचे उत्पन्न झाडाखाली पडून राहते. फेब्रुवारी २०१८ मधील गारपिटीने विदर्भात आणि मराठवाड्यात जे केले, ते शेतकरी विसरलेला नाही.

अशा संकटांसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की नुकसानभरपाई ठरविण्यासाठी सामान्यतः कोणी बागेत येऊन झाडे मोजत नाही. महसूल मंडळातील हवामान केंद्राने ठरावीक कालावधीत किती पाऊस वा किती तापमान नोंदविले, ते ठरवून दिलेल्या मर्यादेच्या पलीकडे गेले काय, यावर निर्णय होतो. गारपिटीसाठी मात्र वेगळा जादा हप्ता भरून संरक्षण घ्यावे लागते. म्हणजे बागाईतदाराच्या दृष्टीने ते केंद्र हे एक प्रकारचे न्यायालय आहे. त्याची साक्ष तीच अखेरची साक्ष.

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, हे काम लहान नाही. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात आणि पाऊस मंडळाच्या सीमा पाहून पडत नाही. सावरगावच्या शिवारात ओढे भरून वाहावेत आणि चार कोसांवर धुळीवर चार थेंब पडावेत, हा अनुभव ज्याला नाही असा शेतकरी विरळा. केंद्र खरे बोलले तरी ते केवळ आपल्या डोक्यावरच्या आकाशाविषयी खरे बोलते. आणि ते खोटे बोलले तर? नागपुरात चुकीचा आकडा पकडला गेला, कारण तो अतिशयोक्त होता आणि शेजारीच पडताळ्याला दुसरी केंद्रे होती. एखाद्या मंडळातील यंत्र दोन अंशांनी वा दहा मिलिमीटरांनी चुकले तर ती बातमी होत नाही. ती चूक मुकाट्याने कोणाच्या तरी विम्याच्या अर्जावर जाऊन बसते. मोठी चूक हास्यास्पद असते, म्हणून ती सापडते. लहान चूक शोभून दिसते, म्हणून ती टिकते.

मोजमापाची याहून गंभीर बाजू या तालुक्याने भोगलेली आहे. तालुक्याच्या पश्चिमेस वर्धा नदी वाहते आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरूडचा मुलूख लागतो. नरखेडहून उत्तरेस निघालेली गाडी पांढुर्णा मागे टाकून मुलताईला पोहोचते. या मुलताईच्या परिसरात तापी उगम पावते आणि वर्धाही. एकीचे पाणी सुरतेकडून अरबी समुद्राला मिळते, तर दुसरीचे पाणी प्राणहिता-गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागराला. सातपुड्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब भारताच्या दोन टोकांना जातात, हे भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखे नवल आहे. परंतु त्या नवलाच्या पोटात एक धडाही आहे. आपल्या दारातून वाहणारे पाणी हे आपल्या आभाळातून पडलेले असतेच असे नाही.

३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या महापुराने काठावरचे मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशे चार माणसे गेली. १८६७ पासून नगरपालिका असलेले, बाजारपेठेचे, नांदते गाव एका दिवसात ढिगारा झाले. पुढे पुनर्वसन झाले, नवी घरे उभी राहिली, परंतु त्या तारखेला मोवाडमध्ये आजही माणसे गेलेल्यांच्या आठवणीने व्याकुळ होतात. तेव्हा खिशात दूरध्वनी नव्हते, तासातासाचे आकडे पाठविणारी यंत्रे नव्हती. वर किती पडले, पाणी किती वेळात येईल, हे खालच्या माणसाला वेळेवर सांगणारे कोणी असते तर, हा विचार मनाला चाटून गेल्याखेरीज राहत नाही. पावसाचा आकडा म्हणजे चौकटीतली करमणूक नव्हे, याला मोवाडहून मोठा पुरावा नको.

आपल्या पूर्वजांनी हवेचा अदमास घेण्याचे आपले मार्ग शोधले होते. रोहिणीपासून हस्तापर्यंत नक्षत्रे मोजावयाची, त्यांची बेडूक, म्हैस, कोल्हा अशी वाहने पंचांगात पाहावयाची, हा क्रम आजही घरोघरी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला मांडल्या जाणाऱ्या घटाचे भाकीत ऐकावयास आजही गर्दी लोटते. या परंपरांची टवाळी करण्याचे कारण नाही. त्यांत शेतकऱ्याची आशा आहे आणि कित्येक पिढ्यांचे निरीक्षणही आहे. परंतु भाकीत आणि नोंद या दोन वस्तू वेगळ्या आहेत. उद्या काय होईल याविषयी मतभेद असू शकतात. काल किती पडले याविषयी ते असता कामा नयेत.

आणि मोजण्याची परंपराही काही परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे पाऊस मोजण्याचे पात्र ठेवण्याची आज्ञा आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांत किती ‘द्रोण’ पाऊस पडतो त्याचे आकडेही आहेत. कोरियाच्या सेजोंग राजाने १४४१-४२ च्या सुमारास एका मापाची पर्जन्यपात्रे करवून ती प्रांतोप्रांती पाठविली होती. सत्तेला पाऊस मोजावा वाटला तो मुख्यतः सारा ठरविण्यासाठी. आज प्रजेला तो मोजावासा वाटावा, तो आपले देणे नव्हे, तर आपला हक्क ठरविण्यासाठी.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. तालुक्यातील प्रत्येक शाळेने एक पर्जन्यमापक बाळगावा. त्याला मोठा खर्च नाही. सरळ बाजूंचे भांडे, तितक्याच तोंडाचे नरसाळे आणि एक पट्टी यांवर आरंभ होऊ शकतो. भांडे उघड्यावर, भिंती आणि झाडे यांच्या उंचीच्या दुपटीइतके दूर असावे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो. तेव्हा सकाळच्या शाळेतील दोन विद्यार्थ्यांनी त्याच वेळी माप घ्यावे, वहीत लिहावे आणि फळ्यावर मांडावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर आणि एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी, हे गणित त्या फळ्यावर जितके उमगेल तितके पुस्तकात उमगणार नाही. जेथे केंद्र आहे तेथील त्या दिवसाचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा, म्हणजे दोहोंचा मेळ गावाला पाहता येईल.

शिक्षकांच्या शिरावर आधीच नाना सर्वेक्षणांचा भार आहे, त्यात हे आणखी एक कशासाठी, असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. म्हणूनच हे काम वरून आलेल्या परिपत्रकाचे नसावे. त्याचा तक्ता कोणाकडे पाठवावयाचा नाही, त्यासाठी कोणाची सही घ्यावयाची नाही. दुसरा आक्षेप असा, की शाळेच्या वहीला विमा कंपनी विचारणार नाही. तेही खरे. परंतु साक्षीला किंमत येते ती ती सातत्याने आणि निरपेक्षपणे दिली गेली म्हणजे. पाच गावांच्या वह्या तीन वर्षे एकच गोष्ट सांगत असतील आणि यंत्र दुसरीच, तर यंत्र तपासा असे म्हणण्याला बळ येते. ‘आमच्याकडे जास्त पडला हो’ या वाक्यात ते बळ नाही. केंद्र शासनाच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक बसविण्याचे धोरण आहे. ते गावोगाव पोहोचेल तेव्हा त्याची देखभाल नीट होते किंवा नाही, हे पाहणारे डोळेही गावातच तयार असलेले बरे.

छप्पन्न अंशांची बातमी आपण चवीने वाचली आणि चवीने सांगितली. त्यात काही पाप नाही, नवलाची आवड हा माणसाचा धर्म आहे. परंतु ज्या तालुक्याने मोवाड पाहिले आहे आणि ज्याचा संसार संत्र्याच्या फुलावर टांगलेला आहे, त्याने नवलाबरोबर पडताळ्याचीही आवड धरावी. स्थानकावरच्या बाकावर उद्या कोणी ‘यंदा पाऊस कमीच’ म्हणाला, तर शेजारच्याने मान डोलवण्यापूर्वी ‘किती?’ एवढे विचारावे. आणि त्याचे उत्तर गावातल्या एखाद्या शाळेच्या वहीत, मुलाच्या वळणदार अक्षरात, लिहिलेले असावे.